टिटवीचं ओलं पोट

रोलमध्ये एकच फोटो उरला होता, आणि तो बाळाच्या जावळासाठी राखून ठेवलेला. लढाईमुळे सरहद्दीच्या नाक्यापलीकडं, सोलापुरातही, नवा रोल मिळेना. तरी मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आत्याबाई, तो फोटो मी टिटवीचा काढणार."

रुद्रम्मा आत्याबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "लेकरू सोडून पाखराचा?"

उन्हाळ्यानं तामलवाडीचं तळं मधोमध डबक्याएवढं उरलं होतं. काठाच्या उघड्या गाळावर टिटवीची चार अंडी होती. भर दुपारी ती पाण्यात बसायची, पोटाची पिसं भिजवायची आणि निथळत येऊन अंड्यांवर उभी राहायची. धुणं धुताना मी रोज पाहत होते. घरात कुणाला पटेना.

"एवढ्या उन्हात उबवती का शिजवती गं?" आत्याबाई हसल्या.

"गार करती. फोटोत दावते."

यांनी कॅमेरा हातात दिला, पण म्हणाले, "चुकला तर पाखरू बी गेलं, जावळ बी गेलं."

"चुकणार न्हाय."

डब्याचा कॅमेरा तो. पाच हातांच्या आत नेला की चित्र पुसट, लांबून घेतला की पाखरू तिळाएवढं. टिटवी माणसाला बिचकते, पण धुणाऱ्या बाईची तिला सवय होते. म्हणून दहा दिवस मी धुण्याचा दगड काठाकाठानं रोज हातभर पुढं सरकवला.

अकराव्या दुपारी दगड बरोबर पाच हातांवर होता. कॅमेरा शेजारी पालथ्या घमेल्यावर, कोरड्या लुगड्याखाली, नुसती काच उघडी. बाळ बाभळीखाली झोळीत. टिटवी पाण्यातून उठली, तुरुतुरु आली, आणि झोळीतून रडं आलं.

माझ्या छातीत दूध दाटलं. उठले असते तर पाखरू उडालं असतं. धोपटण्याचा ठेका न मोडता म्हटलं, "आले रे राजा, हिचं झालं की तुझं."

टिटवी पाय फाकून अंड्यांवर उभी राहिली. पोटाच्या पिसांतून थेंब गळत होते. मी कळ दाबली.

मग धावले. बाळाला पदराखाली घेतलं आणि ओल्या हातानं त्याचं पोट पुसलं.

पंधरा दिवसांनी हे सोलापूरहून फोटो घेऊन आले. आत्याबाईंनी तो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"ओलीच हाय की गं!"

"आन् जावळाचा फोटो?" यांनी विचारलं.

आत्याबाईंनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तिसऱ्या वर्षी काढू जावळ. तवर येईल रोल. केस काय उडून जातेत व्हय?"