सासूबाईंची हिरडी

प्रयोगशाळेत सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे सासूबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि दुसरं नाव मनातून आवडतही होतं, कारण ते तिनं कमावलेलं होतं. हातमोजे न बदलता कुणी पेशी उबेत ठेवायच्या इनक्युबेटरचं दार उघडलं, की ती असं काही बोले की त्या माणसाला दोन दिवस घास गोड लागत नसे.

तिचा धर्म एकच. एका वेळी एकाच जातीच्या पेशी टेबलावर, आणि प्रत्येक जातीसाठी द्रावणाची बाटली वेगळी. पेशींना खाऊ घालायचं ते गुलाबी द्रावण दिसायला सारखंच असतं, म्हणून आळशी माणसं एकाच बाटलीतून दोघींना वाढतात. पिपेटच्या टोकाला चिकटलेली एक पेशी बाटलीत पडली की संपलं. दुसरीकडची दांडगी पेशी इकडे येते, दुप्पट वेगानं वाढते, आणि महिन्याभरात घरच्यांनाच बाहेर काढते. डब्यावर नाव मात्र जुन्याच मालकाचं राहतं.

तिथल्या हिरडीच्या पेशी खुद्द तिच्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी तिची अक्कलदाढ काढायची होती. ही प्रयोगशाळा चालवणारे सर तेव्हा नुकतेच रुजू झालेले, हिरड्यांच्या रोगावर संशोधन करायला निघालेले, आणि निरोगी हिरडी द्यायला कुणी तयार नव्हतं. "ताई, दाढ जातेच आहे, तर शेजारचा तांदळाएवढा तुकडा द्या," ते म्हणाले. तिनं दिला. त्यातून पेशी वाढल्या, सरांनी त्यांच्यात एक जनुक घातलं आणि त्या म्हातारपण विसरल्या. अशी न थकता वाढत राहणारी पेशींची वंशावळ म्हणजे सेल लाइन. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तू गेल्यावरही तुझं तोंड चालूच राहणार!"

या लाइनवर सरांचे सात शोधनिबंध झाले. आता आठवा व्हायचा होता. तो डॉक्टरीणबाईंचा होता. ही पोरगी दातांची डॉक्टर, चार वर्षांपासून सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी. हुशार, कष्टाळू, आणि ताईच्या शिव्या खाऊन तयार झालेली. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांवर लावायचं एक जेल तिनं तपासलं होतं. जेल जंतूंना मारत होतं आणि हिरडीच्या पेशींना धक्काही लावत नव्हतं. पुढच्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात ते चाळीस रुग्णांना लावायचं ठरलं होतं.

मध्येच निबंध छापणाऱ्या नियतकालिकानं एक कागद मागितला. पेशी ज्या माणसाच्या म्हणता, त्याच माणसाच्या आहेत याचा दाखला. ताईनं गालाच्या आतून कापूस फिरवला, पेशींचा नमुना सोबत जोडला आणि दोन्ही तपासायला पाठवून दिलं. बारा दिवसांनी अहवाल आला. पेशी तिच्या नव्हत्या. बाईच्याही नव्हत्या. शेजारच्या फळीवर जिभेच्या कॅन्सरच्या पेशी होत्या, कोणा एका कधीच्याच वारलेल्या गृहस्थाच्या. या त्याच.

ताईनं जुनी रजिस्टरं काढली. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती नऊ दिवस घरी होती. त्या नऊ दिवसांत सरांनी स्वतः पेशी सांभाळल्या होत्या. त्यांच्याच अक्षरात नोंद होती: 'नवी बाटली उघडली, १.' दोन लाइन, दोघींना खाऊ घातल्याची रोजची नोंद, आणि नऊ दिवसांत बाटली एक. परत आल्यावर पेशी भराभर वाढताना पाहून तिला नवल वाटलं होतं. सर हसून म्हणाले होते, "माझ्या हाताला यश आहे, ताई." तिला तेव्हाच विचारायला हवं होतं. पोरांवर डाफरणारी सासूबाई साहेबापुढे मूग गिळून बसली होती, आणि हे तिला आता फार लागलं.

त्या नऊ दिवसांच्या आधी गोठवलेल्या दोन कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत तळाला होत्या. एक तिनं वितळवून उठवली. पेशी हळूहळू, तिच्या ओळखीच्या चालीनं वाढल्या. त्यांचा नमुना तपासून घेतला. त्या तिच्या होत्या. मग त्यांच्यावर जेल लावलं. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली एकही पेशी जिवंत नव्हती. सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या.

तिनं डॉक्टरीणबाईला भिंगापाशी बसवलं. पोरगी बराच वेळ पाहत राहिली आणि रडायला लागली. "माझी चार वर्षं, ताई. घरी काय सांगू?"

"रड. पण ते चाळीस लोक आधी."

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं.

"तुमच्या जुन्या पेशी आहेत ना? त्यांचा अहवाल पाठवून द्या. दाखला खराच असेल. कुप्यांवर नाव तेच, लाइन तीच."

"आणि जेल?"

"मात्रा थोडी कमी करू. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. या पोरीचं वर्ष वाया घालवणार का तुम्ही?"

पोरगी तिथंच उभी होती. ती ताईकडे न बघता हळूच म्हणाली, "पाठवा ना, ताई. प्लीज."

तेवढ्या एका शब्दानं ताईचं मन विटलं. सरांकडून तिची काही अपेक्षा नव्हती, हिच्याकडून होती. तिनं त्याच दिवशी संस्थाप्रमुखांना सगळे कागद दिले: दोन्ही अहवाल, रजिस्टरच्या पानाची प्रत, मेलेल्या पेशींचे फोटो.

चौकशी समिती बसली. तीन जण होते. एक सरांचे वर्गमित्र, एक त्यांच्या निबंधात सहलेखक, तिसरे निवृत्तीला टेकलेले. उंदराला मांजर साक्ष. "नऊ दिवस सर पेशी सांभाळत होते, पण एरवी?" त्यांनी डॉक्टरीणबाईला विचारलं. "एरवी ताईच सांभाळायच्या," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. बंद दाराआड सर काय म्हणाले, ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

जेलचा प्रयोग थांबला. तेवढं मात्र झालं, आणि ताई ते कधी कमी लेखत नाही. अहवालात लिहिलं होतं: 'तंत्रज्ञाच्या देखरेखीतील हलगर्जीपणा.' चोर सोडून संन्याशाला फाशी. ती प्रमुखांकडे गेली, तेव्हा त्यांनी चहा मागवला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. संस्थेची बदनामी नको. तुमच्या नोकरीला हात लावलेला नाही," ते म्हणाले. जणू उपकारच.

डॉक्टरीणबाईंच्या प्रबंधाचं शीर्षक बदललं. 'हिरडीच्या पेशी' खोडून 'जिभेच्या कॅन्सरच्या पेशी' आलं, आकडे तेच राहिले, आणि पदवी वेळेत मिळायची ठरली. सरांनी तर कमाल केली. सेल लाइनची ओळख वेळोवेळी तपासणं किती गरजेचं आहे, यावर त्यांनी परिषदेत व्याख्यान दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

मग आदेश आला. ही लाइन दूषित ठरल्यामुळे तिच्या सर्व कुप्या नष्ट कराव्यात. ताई आदेश घेऊन सरांकडे गेली.

"तळाची एक कुपी चांगली आहे, सर. तपासलेली संपली, ही तिच्यासोबतच गोठवलेली. माझीच आहे ती."

"आदेशात 'सर्व' लिहिलंय, ताई. मी काय करणार?"

एक बाटली, नऊ दिवस, कोणाचा हात, हे सांगणारा जिवंत पुरावा आता तेवढाच उरला होता, हे दोघांनाही कळत होतं. ती कुपी मिळाली असती, तरी नेऊन ठेवायची कुठं? घरच्या फ्रीजमध्ये मटार टिकतात, पेशी टिकत नाहीत.

तिनं तोंडावर ढाल चढवली, जाड हातमोजे घातले आणि टाकीचं झाकण उघडलं. एकसष्ट कुप्या निघाल्या. साठांवरचं अक्षर त्या नऊ दिवसांनंतरचं. एकसष्टाव्या कुपीवर तिचंच तरुणपणचं अक्षर होतं, नीट, वळणदार, काळ्या शाईतलं. तिनं हातमोज्याच्या बोटानं त्यावरचं बर्फ पुसलं. तिला हुंदका आला, तो तिनं दाबला नाही. मग ती कुपीही तिनं इतरांबरोबर पिशवीत टाकली, पिशवी दाबाच्या वाफेत सगळं मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, दार आवळलं आणि बटण दाबलं.

साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाईंना पाठवलं होतं. ती फॉर्म भरत होती. तारीख, संख्या, तापमान, नष्ट करणाऱ्याची सही. शेवटच्या ओळीशी तिचं पेन अडलं. 'पेशी नष्ट केल्याचे दात्यास कळवले आहे काय? होय / नाही.'

तिनं वर बघितलं.

ताईनं ढाल काढली. डोळे पुसले नाहीत.

"होय लिही," ती म्हणाली. "कळलंय तिला. चांगलंच कळलंय."