संगमरवर आणि मोतीबिंदू

त्या संगमरवरी मकबऱ्यात गाईड पुष्कळ होते, पण धबधबा एकच. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्याच्या परवान्यावर असेल तेवढंच; तिकीट खिडकीपासून चपला सांभाळणारीपर्यंत सगळे त्याला धबधबाच म्हणत. एकदा सुरू झाला की मध्ये बोट घालायला जागा नाही. एखादा प्रवासी तहान लागली म्हणून नळाकडे वळला, तर हा त्याच्या मागोमाग जाऊन पाण्याच्या घोटाघोटाला इतिहास पाजायचा.

अशा या माणसाचं एक गुपित होतं. त्याला दिसत नव्हतं. अगदी ठार आंधळा नव्हे, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असे पिकले होते की समोर माणूस आहे की खांब, हे समोरचा बोलल्याशिवाय कळायचं नाही. काही माणसं बोलतच नाहीत. त्यामुळे धबधब्याने आजवर बऱ्याच खांबांना टोपी काढायची विनंती केली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, किरकोळ ऑपरेशन आहे, दुपारी येऊन संध्याकाळी घरी जाल. ते ठीक होतं. पण त्यांच्या भिंतीवर मधोमध कापलेल्या डोळ्याचं रंगीत चित्र होतं, चांगलं दाराएवढं. ते नेमकं धबधब्याला दिसलं आणि तो खुर्चीवरून अलगद खाली घसरला. त्यानंतर दवाखान्याचं नाव काढलं की त्याला कुठलंतरी जरुरीचं काम आठवायचं.

"अहो, एकदाचं करून टाका ना," बायको म्हणायची. "काल तुम्ही माझ्याऐवजी कपाटाशी भांडत होता."

"तरीच म्हटलं, ही काल एवढं ऐकून कसं घेत होती! आणि अगं, मला तिथे बघायचंय काय? मकबरा पांढरा, मोतीबिंदू पांढरा. कुठे काही अडतंय का?"

आणि खरं सांगायचं तर अडत नव्हतंच. माणसाने पाठ करावी तर इमारतच करावी. ती जागची हलत नाही. उजवीकडे जे आहे तेच डावीकडे. पायाखालचा दगड खरखरीत असेतो कारंज्यांची वाट, गुळगुळीत झाला की चौथरा, गारवा अंगावर आला की कमान, आणि आपलाच आवाज वरून फिरून कानात पडला की आलो घुमटाखाली. थांबायचं आणि राणीच्या मरणावर यायचं. धबधब्याच्या पायांना सगळं येत होतं, तोंडाला तर येत होतंच.

अशात नवीन मॅडम आल्या. मकबऱ्याचा सगळा कारभार आता त्यांच्या हातात. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की सगळ्या गाईडांची परीक्षा होणार. मॅडम साध्या कपड्यांत कुठल्याही घोळक्यात शिरणार, शेवटपर्यंत ऐकणार, आणि नापास झाला त्याचा परवाना गेला.

परवाना गेला तर धबधब्याने करायचं काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं हो. लग्नानंतर सासऱ्यांनी त्याला आपल्या छत्र्यांच्या दुकानात बसवून पाहिलं होतं, पण तो छत्रीचा इतिहास सांगून संपवीपर्यंत बाहेरचा पाऊस थांबायचा आणि गिऱ्हाईक तसंच निघून जायचं. मकबरा गेला तर आपण संपलो, असं तो बायकोला म्हणाला, आणि तेव्हा मात्र तो अजिबात गंमत करत नव्हता.

मेहुणा तिकीट खिडकीवर बसायचा. तो म्हणाला, "दाजी, काळजी सोडा. मॅडम तुमच्या घोळक्यात आल्या की मी जोरात खोकेन. तुम्ही समजून जा."

आता घोळ असा झाला की मकबऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मॅडमनी दोन कामं उरकून घेतली. मुख्य कमानीला डागडुजीसाठी बांबूंची परांची बांधली आणि प्रवाशांची वाट दोरी लावून बाजूने वळवली. दुसरं म्हणजे नवं स्वच्छतागृह सुरू केलं. एवढ्या देखण्या वास्तूशेजारी ते डोळ्यांत खुपायला नको, म्हणून उरलेल्या संगमरवरात बांधलेलं, पुढे छोटी कमान, वर छोटासा घुमट. आत समोरासमोर दोन दारं. बायकांच्या दारावर राणीची पितळी तसबीर, पुरुषांच्या दारावर राजाची. मॅडमना हौस दांडगी.

दुसऱ्या दिवशी धबधबा घोळका घेऊन फाटकातून निघाला आणि खिडकीतून मेहुणा खोकला. पुन्हा खोकला. मग दम लागेपर्यंत खोकला.

"अरे, आल्याचा तुकडा चघळ," धबधबा मायेने म्हणाला आणि पुढे झाला. सुरुवात झाली की त्याला स्वतःचंच काही आठवत नसे, मेहुण्याचं कुठून आठवणार?

"या मंडळी! ही बाळंतपणात गेलेल्या राणीची कबर. राजाने डोंगरापलीकडून दगड आणवला, बैल थकले तेव्हा सरदारांनी गाड्या ओढल्या. ते चार मनोरे बघा. सरळ वाटतात ना? जरा बाहेर झुकवलेत! भूकंप झाला तर ते बाहेर पडावेत, राणीच्या अंगावर नाही. मेल्यावरसुद्धा बायकोच्या डोक्यावर काही पडू नये, ही काळजी! आमच्या घरी मी जिवंत बायकोलासुद्धा माळ्यावरचा डबा काढून देत नाही."

घोळका हसला. धबधब्याला चेव आला. भिंतीवरच्या अक्षरांविषयी सांगून झालं, की वरची अक्षरं मोठी कोरली आहेत म्हणून खालून सगळी सारखी दिसतात. सांगता सांगता हात दोरीला लागला. दोरी बाजूला वळली, तसा तोही वळला. पायाखाली गुळगुळीत लागलं. अंगावर गारवा आला. वरून आवाज फिरून कानात पडला.

धबधबा थांबला. त्याने टोपी काढली.

"मंडळी," तो हळू आवाजात म्हणाला, "आपण पोहोचलो. इथे मोठ्याने बोलू नका. हसू नका. फोटो तर मुळीच काढू नका."

हे शेवटचं सगळ्यांना पटलं.

"डाव्या हाताला राणी, उजव्या हाताला राजा."

घोळक्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बरोबर होतं. एक आजीबाई पुढे आल्या. "आत जाता येईल का हो? मला जरा घाई आहे."

"आजी, इथे घाई चालत नाही," धबधबा म्हणाला. "इथे ती शांतपणे पहुडली आहे. राजा रोज यायचा आणि तासन्‌तास या दाराशी बसून राहायचा."

"बद्धकोष्ठ असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"विरह!" धबधबा गरजला. घुमट घुमला. "राणी गेली त्या दिवसापासून त्याने अन्नाला चव आहे असं म्हटलं नाही. शेवटी तोही आत गेला. आणि मंडळी, या दारातून आत गेलेला पुन्हा कधीही बाहेर आलेला नाही!"

आतून धो धो पाण्याचा आवाज झाला. राजाचं दार करकरलं आणि उघडलं.

आत नळ दुरुस्त करणारा मिस्त्री होता. सकाळपासून फरशी फोडून काम करत होता, त्यामुळे डोक्यापासून पायांपर्यंत चुन्याने पांढरा झालेला. धबधब्याला एवढंच दिसलं की राजाच्या कबरीतून उंच, पांढरं काहीतरी उभं राहून त्याच्याकडे येतंय. त्याने जमिनीवर लोटांगणच घातलं.

"महाराज, क्षमा करा! सरदारांनी गाड्या ओढल्या ते मी माझ्या पदरचं घातलं! बैलांनीच ओढल्या!"

"मी नळवाला आहे," मिस्त्री गोंधळून म्हणाला. "बैलांचं मला काही माहीत नाही. पाणी आलंय, ज्यांना जायचंय त्यांनी जा."

आजीबाई धबधब्याला ओलांडून राणीकडे धावल्या. बाकीचे हसून हसून भिंतींना टेकले. एक बाई तेवढी हसत नव्हती. ती जवळ आली आणि म्हणाली, "उठा. मी मॅडम."

धबधबा उठला. चेहऱ्याला चुना लागला होता. नोकरी गेली, हे त्याला डोळ्यांशिवायही लख्ख दिसलं.

"एवढं मन लावून सांगणारा गाईड मी बघितला नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि एवढं न बघणाराही. ऑपरेशन करून या. मग एकच फेरी मिळेल. ती बिघडली तर परवाना माझ्या टेबलावर ठेवून घरी जायचं."

बायकोने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. कापलेल्या डोळ्याच्या चित्रावर डॉक्टरांनी त्या दिवसापुरती चादर टांगली होती. धबधब्याने चादरीमागे काय आहे ते ओळखलं आणि भूल देण्याआधीच तो बेशुद्ध पडला. आधी एक डोळा झाला, मग दुसरा.

फेरीच्या दिवशी मॅडम घोळक्यात सगळ्यांच्या पुढे, उघड उभ्या होत्या. मेहुणा खिडकीत घाबरून खरोखरच खोकत होता. बायकोही आली होती, तिकीट काढून. डागडुजी संपली होती. धबधब्याने रात्रभर भाषण घोकलं होतं, एकही शब्द पदरचा घालायचा नाही असं ठरवलं होतं. तो कमानीपाशी आला, वळला, "या मंडळी" म्हणायला तोंड उघडलं आणि वर पाहिलं.

तोंड उघडंच राहिलं.

मकबरा पांढरा नव्हताच. उन्हाच्या बाजूने तो सायीसारखा पिवळसर होता, सावलीच्या बाजूने निळा. दगडांतून राखाडी शिरा धावत होत्या. धबधबा एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. घोळका त्याच्या मागून एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. तो जिकडे बघेल तिकडे सगळे बघत. बायकोने त्याला कोपराने ढोसलं, "अहो, बोला ना काहीतरी, परवाना जाईल!" त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडेच बघत राहिला. ती लाजून म्हणाली, "माझ्याकडे नाही हो, त्या भिंतीकडे बघा!"

भिंतीवर रंगीत दगडांची वेल जडवलेली होती. ही वेल त्याने हजार वेळा बोटांनी चाचपून दाखवली होती. आता तो इतका जवळ गेला की नाक दगडाला टेकलं. एका पानाची कड कुरतडलेली होती. मुद्दाम, कारागिराने तशीच घडवलेली. आणि त्या कडेला, तांदळाएवढ्या हिरव्या दगडाची, पोट फुगलेली...

"अळी!" धबधबा ओरडला.

सगळा घोळका भिंतीवर तुटून पडला. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघू लागले. मॅडमनी चष्मा पुसला, वाकल्या, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. दुपार उतरेपर्यंत त्या फेरीत कुणी नळाकडे वळलं नाही की घड्याळाकडे बघितलं नाही, आणि धबधबा पुढे एक अक्षरही बोलला नाही.

फाटकाशी तो खिशातून परवाना काढून मॅडमपुढे उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची डॉक्टरांनी बंदी केली होती.

मॅडमनी परवाना त्याच्याच खिशात परत घातला.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. "आणि थोडं बोललात तरी चालेल."