एका डब्यात दोन चुली

"मामा, नुसती फाइल कॉपी करून भागत नाही हो! पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होईल अशी नीट उतरवावी लागते," फोनवर भाचीनं कपाळाला हात लावला असणार.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मामा वैतागले. जन्मभर कंपाउंडरकी केलेला माणूस. मात्रा चुकली की त्यांना घाम फुटायचा. त्यात पहिल्या खेपेला भलत्याच हिरव्या बटणाला भुलून त्यांनी कसलंसं घड्याळच डाउनलोड केलं होतं.

घरात कॉम्प्युटर एकच, पण त्यात संसार दोन. मामांच्या पसाऱ्याला कंटाळून मामींनी आपला भाग वेगळा करून घेतला होता. "एका डब्यात दोन चुली!" म्हणून मामा चिडवायचे. चालू केलं की कुणाचा भाग उघडायचा ते विचारत पडद्यावर दोन ओळी यायच्या, एक त्यांची, एक तिची.

मामी गेल्या त्याला वर्ष झालं. परवा दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर साफ केला आणि ते विचारणंच बंद झालं. थेट मामांचा भाग उघडायला लागला. "दुसरं काही नव्हतंच यात, आजोबा," म्हणाला मेला! मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"नुसतं दारच गेलं असेल," भाची म्हणाली होती. "कोणता भाग उघडायचा, हे विचारणारा एक प्रोग्राम असतो. नेटवर फुकट मिळतो."

"फुकट कसा गं?"

"बनवणाऱ्यांनीच ठरवलंय, कुणीही घ्यावा."

"भली माणसं," मामा म्हणाले होते. आता ते पुन्हा कामाला लागले.

या खेपेला तिनं सांगितलं तसंच केलं. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडदा काळाठिक्कर. मामांचा जीव टांगणीला. मग ओळी उमटल्या. एक त्यांची, आणि खाली तिची.

"आहे गं! आहे!" ते एवढ्यानं ओरडले की त्यांचा त्यांनाच ठसका लागला. त्यांनी खालची ओळ उघडली. मामींचं नाव आलं, आणि नावाखाली रिकामी चौकट.

"पासवर्ड मागतोय."

"माहितीय?"

"छे. तिनं कधी सांगितला नाही, मी कधी विचारला नाही."

"काढून टाकता येतो, मामा. रविवारी येते मी."

"तू ये गं, जेवायलाच ये. पण ते राहू दे. तिला न विचारता तिचं कपाटसुद्धा उघडलं नाही मी कधी."

फोन ठेवून त्यांनी चहा टाकला. कप घेऊन आले, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या नावासमोर बसून सावकाश प्यायले.