उस्मानचा टाका

“पाय वर कर,” भगवंतजी मुकादम म्हणाला. पुंजारामने धोतराचा सोगा गुडघ्यांत दाबला आणि उजवा पाय उचलला.

बैल विकत घेणारा खूर पाहतो तसा मुकादमाने त्याचा तळवा पाहिला. टाचेवरून अंगठा फिरवला, बोटं फाकवून पाहिली, आणि “दुसरा” म्हणाला. रुई भरायचं काम पायांचंच. तुळईला टांगलेल्या मोठ्या गोण्यात माणसानं उतरायचं, वरून पडेल ती रुई खुंदत खुंदत वर यायचं, आणि गोणा ठासून भरला की बाहेर येऊन त्याचं तोंड दाभणानं शिवायचं. टाचेला भेगा असल्या की रुईची तार त्यात अडकून तुटते, म्हणून अकोल्याच्या या वखारीत माणसाचं नाव नंतर विचारत, पाय आधी बघत. अमरावतीहून तीन दिवस चालत येताना पुंजाराम आणि उस्मान दोघांनीही पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि सकाळी मोर्णा नदीच्या पाण्यात टाचा घासून घासून लाल केल्या होत्या.

“इकडं उभा राह्य,” मुकादम म्हणाला.

मग उस्मानचे पाय पाहिले. त्यालाही तिकडंच उभं केलं. चाळीस माणसांतून सहा उरली. जागा दोन होत्या.

बाकीचे चौतीस जण काही गेले नाहीत. जाणार कुठं? वखारीच्या भिंतीला टेकून तिथंच बसले. गेल्या वर्षापर्यंत याच गावात खुंदणाऱ्याला घरी जाऊन बोलावत होते, आणि तो म्हणायचा, जेवण झाल्यावर पाहू! दर्यापार कुठं तरी लढाई चालू होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता, की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. लढाई कोणाची, कशापायी, हे कोणी विचारलं नाही. ती थांबली, भाव कोसळला, वखारींना कुलपं लागली, तेव्हा मात्र जो तो विचारत सुटला, बाप्पा, थांबली कावून? अमरावतीत काम नाही म्हणून हे दोघे अकोल्याला आले, तर इथंही तेच. पळसाला पानं तीनच.

पण पुंजारामला घोर होता तो जागेचा नव्हता. मुकादमाने सहा रिकामे गोणे मागवले होते आणि आता तो दाभणं वाटत होता.

“तोंड शिवून दाखवा,” तो म्हणाला. “पाय तं गाढवालेबी असतेत. हात पाहू द्या.”

पुंजाराम उस्मानच्या कानाशी लागला.

“साधा टाका घाल. तुह्या पाया पडतो, आजच्या दिवस साधा घाल.”

“मूर्तिजापुरापासून हेच सांगून राहिला तू,” उस्मान म्हणाला. “मी काय चोरी केली, म्हनून टाका लपवू?”

खरंच मूर्तिजापुरापासून तो हेच सांगत होता. झाडाखाली बसून भाकर खाताना सांगितलं, बोरगावच्या विहिरीवर सांगितलं. भाकरी उस्मानच्या बायकोने, अकीलाने, बांधून दिल्या होत्या, दोघांच्याही. तिच्या घरात ज्वारी किती उरली होती ते पुंजारामला माहीत होतं, कारण त्याच्या बायकोने, गोदाबाईने, त्याला पसाभर उसनी मागायला पाठवलं तेव्हा अकीलाने मडकं त्याच्यासमोर उपडं केलं होतं. आणि निघताना तीच म्हणाली होती, “भाऊ, तुमी सोबत हाये म्हनून मले घोर नाई.” ती भाकर त्याच्या घशाखाली उतरेना. उस्मानला वाटलं, उन्हानं झालं असेल. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

आता तो टाका. अमरावतीच्या वखारीत खुंदणारे पंधरा-वीस, आणि कोणाचा गोणा कोणता हे तोंडाच्या शिवणीवरून कळायचं. उस्मानची शिवण वेगळीच. दोन टाके तिरपे, तिसरा उलटा फिरवून आधीच्याच्या पोटातून सुतळी ओढायची, की तोंड असं आवळून बसे, की गाडीवरून पडला तरी गोणा उकलणार नाही. आत रुईही तशीच असायची, चोख. इतकी, की तोलणारा बाकीच्यांचे गोणे सळई खुपसून बघायचा आणि उस्मानचा टाका दिसला की न बघता पुढं ढकलायचा. हा टाका उस्मानने आयुष्यात एकाच माणसाला शिकवला, पुंजारामला.

गेल्या पौषात उस्मान तापानं पडला. सहा दिवस हुडहुडी भरत होती. तेव्हा कामाचा असा रेटा होता, की दोन दिवस न येणाऱ्याची जागा तिसऱ्या दिवशी भरून जायची. पुंजाराम म्हणाला, तू पडून राह्य, तुह्या नावचे गोणे मी भरतो. आणि भरलेही. रोज दोघांचं काम एकट्यानं केलं, उस्मानच्या वाटच्या गोण्यांना उस्मानचा टाका घातला आणि गर्दीत कोणाला पत्ता लागू दिला नाही. चार दिवस असे काढणारा माणूस वाईट नव्हे, हे त्याचा वैरीसुद्धा कबूल करील.

पाचव्या दिवशी त्याचे पाय उचलेनात. दिवस कलला आणि दोन गोणे बाकी. तेव्हा त्यानं वखारीतला झाडलेला कचरा भरला, सरकी भरली, जड लागावं म्हणून वरून घागरभर पाणी ओतलं, वर हातभर चांगली रुई खुंदली आणि उस्मानच्या टाक्यानं तोंडं शिवून टाकली. उस्मानसाठीच केलं, असं त्यानं मनाला समजावलं, आणि मन समजलंही होतं. फक्त एक गोष्ट काही केल्या पचत नव्हती. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या टाक्याचे गोणे मात्र चोख होते. त्यांत तोलणारा सळई खुपसून बघायचा ना!

चैत्रात मुंबईहून त्या दोन गोण्यांचा बोभाटा आला. शेठने उस्मानला सगळ्यांदेखत वखारीबाहेर काढलं. पुंजाराम दहा पावलांवर उभा होता. तोंड उघडलं नाही. पुढं दोन महिन्यांत त्याचीही जागा गेली, तेव्हा तर त्याला बरंच वाटलं, की चला, फिटलं. पण फिटलं नव्हतं. पुंजारामची जागा जाण्याआधीही आणि नंतरही उस्मानला कोणी दारात उभं केलं नाही.

“शिवा, शिवा,” मुकादम ओरडला. “लग्नाची चोळी नाई शिवाची!”

पुंजारामने साधा टाका घातला. शिवण सरळ आली. मग त्यानं शेजारी बघितलं. उस्मान मांडी घालून बसला होता आणि दोन तिरपे, तिसरा उलटा, असा सावकाश शिवत होता. आठ महिन्यांनी हातात दाभण आलं होतं त्याच्या. तोंडावर असं समाधान होतं, की पुंजारामला तिथून पळून जावंसं वाटलं.

मुकादम एकेक शिवण ओढून बघत आला. पुंजारामची ओढली, मान हलवली. उस्मानच्या गोण्याशी आला आणि ओढायला वाकलेला तसाच थांबला.

“हा टाका मी पाह्यला हाये,” तो म्हणाला. “गेल्या साली मुंबईले मालासोबत गेलतो. माह्या डोयादेखत उघडला होता असा गोना. वरून रुई अन् आतून काया चिखल. सरकीले कोंब आलते. अमरावतीचा माल, उस्मान नावाच्या गड्याचा, असं मांगून कयलं. तूच काय तो उस्मान?”

“हो.”

“टाका तुहाच?”

“टाका माहाच हाये.”

“मंग आत चिखल कोनं भरला?”

उस्मानने सुतळीचं टोक दातानं तोडलं, दाभण गोण्यावर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. पुंजारामकडं त्यानं पाहिलंही नाही.

“ऊठ,” मुकादम म्हणाला. “वऱ्हाडच्या मालाचं नाव घालवलं तुमी लोकायनं, अन् आता कामबी मागता? चाल, ऊठ!”

“मी भरला,” पुंजाराम म्हणाला.

आपण बोललो हे त्याला आवाज ऐकल्यावर कळलं. भिंतीला टेकलेल्या माणसांनी माना वर केल्या.

“काय म्हतलं?”

“ते गोने मी भरले होते, मुकादमजी. उस्मान तापानं पडला होता. त्याच्या नावचे मी भरले. कचरा मी घातला, पानी मी ओतलं. त्याले ठावबी नाई.”

छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. आता दोघंही घरी जाऊ, उपाशी तर उपाशी, असं म्हणून तो मुकादमाच्या शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

मुकादम त्याच्याकडं बघत राहिला आणि मग खो खो हसायला लागला.

“अरे वा रे वा! कोन होय हा तुहा?”

“दोस्त होय,” पुंजाराम म्हणाला. “पन मी खरं सांगून राहिलो.”

“खरं सांगून राहिला म्हने! अरे, चाळीस मानसं दोन जागांसाठी मरून राहिले, अन् चोर आपल्या पायानं येऊन सांगते, का मीच चोर म्हनून? मले काय खुळा समजला?” त्यानं भिंतीकडच्या माणसांकडं वळून हात केला. “पाहा रे. ह्याले म्हनते दोस्ती. तुमच्यातला हाये कोनी असा? पोटाची जागा सोडून दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेनारा?”

कोणीतरी “नाई बा” म्हणालं. एक म्हातारा तर चक्क हात जोडून पुंजारामकडं बघत होता.

“मुकादमजी, देवाशपथ—”

“बस झालं. तुले ठेवला. दोस्तासाठी येवढं करनारा मानूस मालकाच्या रुईत माती घालनार नाई, येवढी पारख हाये मले. पन ह्याले नाई ठेवता येत. टाका मुंबईपर्यंत ओयखीचा झाला. शेठ माही मान मुरगाळन.”

दाभण उस्मानच्या गोण्यावर तसंच पडलं होतं. सुतळी शेजारी होती. पुंजारामला फार काही करायचं नव्हतं. खाली बसायचं, दाभण उचलायचं आणि शिवायचं, दोन तिरपे, तिसरा उलटा. वीतभर शिवण झाली असती की मुकादमाचं हसणं बंद झालं असतं. अख्ख्या वऱ्हाडात तो टाका घालणाऱ्या हातांच्या दोनच जोड्या होत्या आणि दोन्ही त्या क्षणी त्या वखारीत होत्या. हे फक्त दोघांना माहीत होतं.

उस्मानने आता पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. मग दाभणाकडं पाहिलं. पुन्हा त्याच्याकडं.

पुंजारामच्या डोळ्यांपुढं गोदाबाई आली, ते मडकं आलं, आणि भिंतीपाशी बसलेले चौतीस जणही आले. त्यानं तळहात धोतराला पुसले. पुसतच राहिला. हात काही खाली गेले नाहीत.

थोड्या वेळानं उस्मानने दाभण उचललं, आपल्या सदऱ्याला पुसलं आणि मुकादमाच्या हातात दिलं.

“येतो मंग,” तो म्हणाला.

मुकादमाने दुसऱ्या जागी पंजाबराव म्हणून बाळापूरकडच्या एका गड्याला घेतलं आणि दोघांना लगेच कामाला लागायला सांगितलं. पुंजाराम “आलोच” म्हणून फाटकापर्यंत धावला. उस्मान बाहेर दगडावर बसून पायांना चिंध्या गुंडाळत होता. जुन्याच चिंध्या, मूर्तिजापूरच्या धुळीनं काळ्या झालेल्या.

“एकटा जाशीन?” पुंजाराम म्हणाला.

“रस्ता काय नवा हाये?”

“अकोटाकडं पाहून घे. तिकडं म्हनतेत काम हाये.”

“पाहीन.”

“उस्मान, मी सांगतलं. तुह्यासमोर सांगतलं. त्यानं ऐकलं नाई तं मी…”

“हो. सांगतलं तू.” उस्मानने गाठ मारली आणि ती घट्ट बसली का ते बोटानं चाचपून पाहिलं. तो रागावला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर पुंजारामने त्याचे पाय धरले असते. पण तो रागावलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता, आणि पौषातल्या तापानंतर दिसायचा तसा डोळे खोल गेलेला.

“भाकरी दोन उरल्या,” तो म्हणाला, आणि त्यातली एक काढून त्यानं पुंजारामपुढं धरली. “घे. पहिल्या दिवशी इथं कोन देनार तुले?”

पुंजारामला ती घ्यावी लागली.

“घरी सांगजो,” तो कसंबसं म्हणाला. “गोदाले सांगजो, काम भेटलं म्हनून. महिन्यानं येतो म्हनाव.”

“सांगतो.” उस्मान उठला, गाठोडं खांद्यावर टाकलं. चार पावलं जाऊन थांबला. “तिनं विचारलं, का तुमी दोघं गेले होते, मंग त्यालेच कसं भेटलं? तं काय सांगू?”

पुंजाराम हातातल्या भाकरीकडं बघत राहिला.

“सांगीन,” उस्मान म्हणाला, “खरं बोलला म्हनून भेटलं.”

तो बोरगावच्या रस्त्याला लागला. आतून मुकादम हाका मारत होता, पुंजारामले बोलवा, गोना टांगला हाये.