उजवीकडचं काळीज

वनरक्षकाच्या भरतीत स्वप्नाली धावण्यात पहिली आली, तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. मेडिकलच्या दिवशी नंदुरबारच्या एसटीत खिडकीशी बसूनही ती उगाचच हसत होती. शेजारी तिची आई, बेबीबाई, मात्र शहाद्यापासून एकच घोकत होती.

"काही सांगू नको. इचारं तरी नही म्हन. नोकरी जाई, अन् सोयरीकबी."

सांगायचं नव्हतं ते हे, की स्वप्नालीचं काळीज उजव्या बाजूला होतं. लहानपणी खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला तेव्हा ते कळलं. काही बिघडत नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बेबीबाईने ती गोष्ट सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर मयूरी तपासायला होत्या. वयाने स्वप्नालीपेक्षा थोड्याच मोठ्या.

"काही जुना आजार? ऑपरेशन? काही सांगायचंय?"

"नाही मॅडम." आजार तर नव्हताच, अशी तिने मनाची समजूत घातली.

मॅडमनी डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जागा बदलून पाहिली. नळीवर टिचकी मारली, स्वतःच्या छातीला लावली, तिथे सगळं ठीक. पुन्हा स्वप्नालीकडे. स्वप्नालीच्या पोटात हसू उसळ्या मारू लागलं. तिने ओठ घट्ट दाबले.

"हसू नका हो, ऐकू येत नाही मला," मॅडम म्हणाल्या आणि झालं! हसू नाकातून फुसकन बाहेर आलं.

"ईसीजी काढून आणा हिचा," मॅडमनी सिस्टर सरलाबाईंना सांगितलं.

पट्टी पाहून मॅडम आणखीच वैतागल्या. "सिस्टर, हाताच्या वायरी उलट्या लावल्यात तुम्ही."

"नाही मॅडम, बरोबर लावल्या होत्या."

सरलाबाईंनी त्या काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तसंच आलं. बिचाऱ्या चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, "माझीच नजर गेली वाटतं आता. चुका व्हायला लागल्या."

स्वप्नालीचं हसू विरलं. बाहेर बाकावर बसलेली आई तिला आठवली, पण समोर सरलाबाईंचा चेहरा एवढासा झाला होता.

"त्यांची चूक नही मॅडम! मन्हं काळीजच उजवीकडे शे!" घाईत अहिराणीच तोंडून निघाली.

मॅडमनी स्टेथोस्कोप उजवीकडे लावला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बाई! घोडा दौडतोय इथे!"

सरलाबाई आधी हसल्या. मग मॅडम, मग स्वप्नाली, आणि मग कुणालाच थांबता येईना. शेजारच्या खोलीतल्या सिस्टर ऐकायला आल्या. मोठे डॉक्टर आले. त्यांनी सोनोग्राफी केली, तर यकृतसुद्धा डावीकडे! सगळं नीट तपासून झाल्यावर ते म्हणाले, "एकदम फिट. पण हे लपवायचं नाही, बेटा. उद्या जंगलात असताना अपेंडिक्स दुखलं, तर तुझं डावीकडे दुखेल. डॉक्टर भलतंच काही समजतील."

हसण्याचा गलका ऐकून बेबीबाई धास्तावून आत आली. "काय झायं वं?"

"सांगी टाकं, माय. पास झाई गऊ!"

बेबीबाई मटकन खुर्चीवर बसली. मॅडमनी स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि त्याची चकती लेकीच्या छातीवर उजवीकडे टेकवली. एवढी वर्षं जे झाकून ठेवलं, ते तिने कधी नीट ऐकलंही नव्हतं. ती ऐकत राहिली. चेहरा हळूहळू फुलत गेला.

"पळी ऱ्हायनं वं हाई! तुन्हासारखंच!"

परतीच्या एसटीत तिने शेजारणीला सांगितलं, पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, कंडक्टरलाही सोडलं नाही. "मन्ही पोरनं काळीज उजवीकडे शे. मोठा डाक्टरबी पाह्यतच ऱ्हायना!" म्हाताऱ्याने लगेच स्वतःची छाती चाचपली. आपलं कुठल्या बाजूला आहे, हे त्याला काही केल्या ठरवता येईना, आणि स्वप्नाली खिडकीला डोकं टेकवून पोट दुखेपर्यंत हसली.