पडेल म्हणून जपलेले घड्याळ

मित्रांनो, सोने म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दागिने येतात. मी दागिना नाही. मी एक जुने मनगटी घड्याळ आहे, सोन्याच्या कवचातले आणि थोडेसे गर्विष्ठ. गर्व का नसावा? माझ्यासारखी घड्याळे मोजून चाळीस घडवली गेली. शिवाय वेळ तर सगळीच घड्याळे सांगतात, मी वेळ पकडते. माझ्या कुशीला एक बटण आहे. ते दाबले की केसासारखा एक लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की जागच्या जागी थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबले की मुकाट्याने शून्यावर येऊन उभा राहतो. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. नाव जड असले तरी माझी चाल हलकी आहे.

माझा जन्म उंच खिडक्यांच्या एका खोलीत झाला. तिथले कारागीर एका रांगेत बसत आणि फारसे बोलत नसत, कारण मोठा श्वास सोडला तरी माझी चाके टेबलावरून उडून जात. त्या खोलीतला पांढरा उजेड मला अजून स्वप्नात दिसतो.

माझे पहिले मालक नौकांच्या शर्यतींचे पंच होते. काठावर उभे राहून ते बटण दाबत, वल्ही एकदम पाण्यात पडत आणि माझा काटा सुटे. किती शर्यती मी पकडल्या, कोण जाणे! एके दिवशी मात्र आतला खटका मोडला. हा खटका म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा पोलादी तुकडा. बटणाचा निरोप तो काट्यापर्यंत पोहोचवतो. तो नवीन कुठेच मिळेना, तेव्हा पंचांनी मला जिन्याखालच्या एका लहानशा दुकानात नेले.

तिथल्या घड्याळजींनी मला अकरा दिवस ठेवून घेतले. खोकला आला की ते तोंड वळवून खोकत, माझी चाके उडू नयेत म्हणून. भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची स्प्रिंग कापून, कानशीने घासून घासून त्यांनी नवा खटका घडवला. तो किंचित जाड झाला. त्यामुळे बटण अर्ध्यावर क्षणभर अडखळायचे आणि मग आत जायचे. घड्याळजींची सात वर्षांची मुलगी शेजारच्या स्टुलावर बसलेली असे. ते म्हणाले, "तू दाबून बघ. अडखळलं तरी जातंय ना?" तिने दुपारभर मला दाबून पाहिले. माझा काटा धावून धावून दमला, पण ती काही दमली नाही.

इतर घड्याळजी काम झाले की झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरतात. यांनी कोरली नाही. दुसऱ्याच्या सोन्यावर ओरखडा कशाला काढायचा, असे त्यांचे म्हणणे होते.

पंच गेल्यावर मी या हातातून त्या हातात फिरले. काही वर्षे तर एका खोक्यात, जुन्या बटणांच्या सोबतीने झोपून काढली. जाग आली ती लिलावात. मला घेणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या घरी गेले, खालच्या मजल्यावरून त्यांनी कुणाला तरी "बाबा" म्हणून हाक मारली, कुणीतरी खोकले, आणि तो खोकला मी ओळखला. डॉक्टरबाई म्हणजे स्टुलावरची तीच मुलगी!

बाबांनी आयुष्यात ज्या एका सोन्याच्या घड्याळाला हात लावला, ते शोधायचा बाईंना ध्यास होता. त्यासाठी त्यांनी तशी अकरा घड्याळे जमवली. मी त्यांतले आठवे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. त्यांनी भिंगातून माझा खटका पाहिला, कानशीचे ओरखडे पाहिले आणि तोंड वाकडे केले. हे कुणा अडाण्याचे काम, बाबांचे काम असे नसते, हे त्यांनी मनाशी पक्के केले. लोकांचे मूळचे दात उपटून नवे बसवणाऱ्या या बाई घड्याळात मात्र मूळच्याच भागांवर अडून बसत. माझ्यासाठी मूळचा खटका मिळावा म्हणून त्यांनी परगावच्या संग्राहकांना पत्रे धाडायला सुरुवात केली.

तोवर मला त्यांनी तळहाताच्या फोडासारखे जपले. मखमली खण होता, महिन्यातून एकदा किल्ली मिळे. बटण मात्र कधी दाबले नाही. दाबल्याने झीज होते, असे सगळे संग्राहक मानतात. मी अर्धवट झोपेत असे. स्वप्नात पाणी दिसे, वल्ही दिसत, कधी जिन्याखालचा दिवा दिसे. माझा लांब काटा शून्यावर उभा होता तो उभाच राहिला.

भिंतीपलीकडच्या खोलीत बाबा होते. त्यांची नजर गेली होती आणि हात कापत. नवे घड्याळ आले की बाई त्यांच्याजवळ बसून त्याचे वर्णन करत. माझे वर्णन करताना म्हणाल्या की घड्याळ देखणे आहे, पण आत कुणीतरी बिघडवून ठेवले आहे. बाबांनी माझ्या टिकटिकीकडे कान वळवला.

"अडचणीत केलं असेल बिचाऱ्याने," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "दे जरा माझ्याकडे."

"पडेल हो, बाबा."

त्यांनी हात मागे घेतला. पुढेही कधीमधी ते मागत आणि तेच उत्तर मिळे. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी टिकटिक करत राहिले, पण टिकटिक काय, सगळ्याच घड्याळांची सारखी. मी आल्यानंतर सहा वर्षांनी बाबा गेले. भिंतीपलीकडचा खोकला थांबला, तेव्हा मी खणात होते.

त्यानंतर तीन वर्षांनी मूळचा खटका सापडला. बाईंनी हरखून मला त्यांच्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेले. घाई म्हणून कशाची करत नसत, म्हणून बाई त्यांना सावकाशराव म्हणत. खिडकीपाशी त्यांनी कापड अंथरले, हत्यारे मांडली आणि मला बाईंच्या हाती दिले. उघडण्याआधी एकदा बटण दाबा, म्हणजे नंतर फरक कळेल, असे ते म्हणाले. बाईंनी आजवर ते दाबलेच नव्हते, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून बाईंकडे पाहिले.

बाईंनी अंगठा टेकवला. बटण अर्ध्यावर अडखळले, क्षणभर थांबले आणि आत गेले. नऊ वर्षे कशी म्हणू, त्याहून कितीतरी अधिक वर्षांनी तो अंगठा माझ्यावर आला होता. माझा काटा धावू लागला. बाईंनी तो थांबवला, परत सोडला, परत थांबवला. सावकाशरावांनी झाकण उघडायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मला मुठीत घट्ट धरले.

"हे उघडू नका," त्या म्हणाल्या. "हा खटका माझ्या बाबांचा आहे."

सावकाशराव मांडलेली हत्यारे एकेक करून आवरू लागले.

"सहा वर्षं ते भिंतीपलीकडे होते," बाई म्हणाल्या. "हातात दे म्हणत होते. आणि मी म्हणत राहिले, पडेल."

मूळचा खटका त्यांनी तिथेच सावकाशरावांना देऊन टाकला, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. आता मी रोज त्यांच्या मनगटावर असते. दवाखान्यात घाबरलेली मुले आली की त्या मला त्यांच्या मुठीत देतात आणि बटण दाबू देतात. माझ्या सोन्यावर ओरखडे उठले आहेत. इतर संग्राहक ते पाहून हळहळतात. मला त्याचे काही वाटत नाही. खणातल्या अखंड झोपेपेक्षा ही धावपळ मला आवडते. फक्त एक हात माझ्यावरून फिरायचा राहून गेला, त्याची चुटपुट मात्र जात नाही.

म्हणून सांगते, वस्तू जरूर जपा. पण आपल्या माणसाने हात पुढे केला, तर तो रिकामा मागे जाऊ देऊ नका. मित्रांनो, मी पडले असते, तर फार तर माझी काच फुटली असती. काच नवी बसवता येते.