गुडघ्याच्या वहीची सात पानं

जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या, मध्ये एक वळण. टेबलावर सात पानांची वही, एक निळं पेन आणि दुखण्यावरच्या दहा गोळ्यांची पट्टी होती. त्या पट्टीला आठवडाभर हात लावायचा नव्हता. वहीची चार पानं भरली होती: दोन, दोन, एक, दोन.

मिसबाहने पुन्हा बेरीज केली. सातच आली.

तिचे अब्बा नजीर मेहरूणमध्ये गाद्या भरत. तीस वर्षं उकिडवं बसून दाभण चालवला, त्यात उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली. धुळ्याच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चेच्या पेशींत एक जनुक घालायचं, म्हणजे त्या पेशी वाढीचं प्रथिन बनवू लागतात, आणि मग त्या सुईनं सांध्यात सोडायच्या. त्याआधी सात दिवस रोज संध्याकाळी जिना चढून दुखणं शून्य ते दहात सांगायचं. सरासरी किमान चार आली तरच नाव लागणार. ही अट पेशंटला कळू द्यायची नव्हती. चाचणीचं काम बघणाऱ्या ज्योत्स्नाताईंच्या टेबलावरचा कागद मिसबाहने उलट्या बाजूनं वाचला होता. आता वाचलेलं पुसता येत नव्हतं. अब्बांना सांगावं तर मोजणी खोटी, गप्प बसावं तर अब्बा बाहेर.

पाचव्या दिवशी नजीर वळणावरच टेकले. खाली राहणाऱ्या कुंदाबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"काय नजीरभाऊ, कसं शे?"

"बठ्ठं बरं शे, अक्का. अल्लाचा शुक्र आहे."

"बठ्ठं बरं शे, मंग जिनावर काबरं बसनात?"

नजीर हसले, कठडा धरून उठले. वर उभ्या मिसबाहच्या हातातलं पेन मात्र थांबलं. चार दिवस तीही हेच विचारत आली होती, 'अब्बा, कसं आहे?' आणि या घरात त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं: सगळं बरं आहे; आकडा मागितला तरी एक नाहीतर दोन. तक्रार केली तर ती अल्लाविरुद्धच केल्यासारखी.

तिनं वही उघडली आणि छापलेला प्रश्न शब्दन् शब्द वाचला. "आज जिना चढताना उजवा गुडघा किती दुखला?"

"असं विचारतेस होय," नजीर म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "सात."

सहाव्या दिवशीही सात. बेरीज एकवीस. अठ्ठावीस व्हायला उद्या अजून सात हवे होते. मागची पानं निळ्या शाईत होती आणि प्रत्येकाखाली अब्बांची सही होती.

सातव्या संध्याकाळी पावलं नेहमीसारखी अडखळत वर आली, मध्ये थांबली, मग जरा सरळ आली. मिसबाहने तोच प्रश्न वाचला.

"कुंदाबाईनं आज वळणावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं बघ," नजीर म्हणाले. "दोन मिनिटं बसलो. भला जीव आहे."

"अब्बा, आकडा."

"थांब, नीट सांगतो. तू एवढं मन लावून लिहितेस, खोटं कशाला सांगू?" त्यांनी गुडघा हळूच वाकवून पाहिला, सरळ केला. तिनं पेन कागदावर टेकवलं होतं, तिथं निळा ठिपका मोठा होत होता.

"सहा."

तिनं सहा लिहिले. त्यांनी खाली सही केली. शेवटच्या रकान्यात तिनं बेरीज मांडली, सत्तावीस, आणि सातानं भागलं.

सरासरी ३.८६.